कान्हेरीची धाव

माझा आणि धावण्याचा संबंध वयाची बेचाळीस वर्षे फक्त दादर स्टेशनच्या जिन्यापुरता होता. तोही अलीकडे सुटत चालला होता, कारण गाडी चुकली तरी दुसरी येते हे शहाणपण मला उशिरा का होईना, आले होते. लहानपण गिरगावातल्या चाळीत गेले. तिथे गॅलरीत कोणी धावू लागले की चारही मजल्यांवरून एकच हाक यायची, "पळू नकोस रे, पडशील!" मी आज्ञाधारक मुलगा. पळलो नाही. पडलोही नाही. पुढे एम. ए. झालो, मराठीचा प्राध्यापक झालो, गोखले रोडवर बिऱ्हाड केले आणि खुर्चीत स्थिरावलो. २०२३ च्या जून महिन्यात डॉक्टरांनी रक्ताचा कागद माझ्यापुढे धरला आणि साखरेच्या आकड्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढली. मी जन्मभर विद्यार्थ्यांच्या पेपरांवर तांबड्या रेघा ओढत आलो. आपल्या कागदावर ती ओढली गेली की कसे वाटते, ते त्या दिवशी कळले.

"चाला," डॉक्टर म्हणाले. "आणि जमलं तर थोडं धावा."

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी "अहो, धावा कसले, आधी उठा तरी वेळेवर" एवढेच म्हटले, पण संध्याकाळी बूट घेऊन आल्या. बुटांचा रंग असा होता की शिवाजी पार्कच्या एका टोकाला मी असलो तर दुसऱ्या टोकाला ओळखू यावा. हा हेतू असावा, अशी मला शंका आहे.

शब्दाचा विषय निघाला आहे तर मास्तरकीची खोड थोडी पुरवून घेतो. आपल्या भाषेला धावणे हे कधी स्वस्थ माणसाचे काम वाटलेच नाही. 'पळणे' म्हटले की मागे काहीतरी लागलेले असते: पळ काढला, पळपुटा, पळवाट. 'धावणे' म्हटले की पुढे कोणीतरी संकटात असते: देव धावून आला, शेजारी मदतीला धावले. भक्त करतो तोही धावाच. दोन्ही एकत्र आले की धावपळ, आणि तिच्यात तर सुख नावालाही नाही. कोणी मागे लागलेले नाही, पुढे कोणी बुडत नाही आणि तरी माणूस सकाळी उठून धावतो आहे, याला मराठीत शब्दच नाही. मात्र नुसता 'धाव' हा शब्द फार गुणी आहे. बैलगाडीच्या चाकाला बसवतात ती लोखंडी पट्टी म्हणजे धाव. आणि मोटेच्या विहिरीवर थारोळ्यापासून बैलांना जायला जी उताराची वाट केलेली असे, तीही धाव. बैल त्या उताराने गेले की मोट वर येई, मागे आले की खाली जाई. रोज तीच वाट, तेच अंतर, पण तिच्यामुळे मळा भिजे. ही दुसरी धाव मला पुढे फार आठवणार होती.

शिवाजी पार्क वाचकांना मी काय सांगावे! १९२५ साली महापालिकेने हे मैदान केले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. १९२७ साली शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने आजचे नाव मिळाले. अठ्ठावीसेक एकर जागा आणि भोवती तो कट्टा, ज्याची एक प्रदक्षिणा सव्वा किलोमीटरला थोडी कमी भरते. पहाटे पावणेसहाला मी उतरे. जानेवारीतल्या रविवारी मुंबईची मॅरेथॉन असते, २००४ पासून, आणि तिची बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटरची वाट याच भागातून जाते. त्यामुळे इथल्या हवेलाच मॅरेथॉनची बाधा आहे. मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारी घड्याळे, कमरेला पाण्याच्या चिमुकल्या बाटल्या. मी आपला दोन दिव्यांच्या खांबांमधले अंतर धावे आणि चार खांबांचे अंतर चाले. कट्ट्यावरची पेन्शनर मंडळी मला पाहून गप्पा थांबवत. ही सहानुभूती होती की करमणूक, ते मी कधी विचारले नाही.

आता जे सांगायचे आहे ते थोडे अवघड आहे.

आमच्या कॉलेजात माझा पहिला तास सात वीसला. प्रथम वर्षाच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगा होता, हजेरीपटावर क्रमांक त्रेपन्न. त्याचे नाव इथे देत नाही; तसे त्यानेच सांगितले आहे. त्रेपन्न आठवड्यातून एखादा दिवस येई, तोही अर्धा तास झाल्यावर, आणि शेवटच्या बाकावर बसून डोळे मिटी. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम आहे. सप्टेंबरअखेर मी यादी केली, त्यात तो होता. नियमाप्रमाणे पालकांना बोलावले. आई आली. लालबागच्या एका चाळीतून आलेली, कामावरून अर्धा दिवस रजा टाकून. ती म्हणाली, "सर, साडेतीनला उठून जातो तो घरातून. पेपरची लाइन टाकतो." मी खुर्चीतून म्हणालो, "बाई, एका वेळी एकच गोष्ट होते. पेपर टाकायचे की पेपर लिहायचे, ते ठरवा." मला त्या वेळी ही कोटी बरी वाटली होती. स्टाफरूममध्ये मी ती दोघातिघांना ऐकवलीसुद्धा. त्रेपन्नला माझ्या विषयाच्या परीक्षेला बसता आले नाही.

नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीत मी उशिरा, साडेसहाला पार्कवर गेलो. दोन खांब धावून तिसऱ्याला टेकून उभा होतो, तेवढ्यात शेजारून एक मुलगा वाऱ्यासारखा गेला. तो पुन्हा फिरून आला, तेव्हा मी ओळखले. त्यानेही ओळखले. त्याच्या पायातले बूट टाचेशी उसवलेले होते, माझे रंगीत बूट आम्हा दोघांच्या मध्ये लखलखत होते. मला एकदम गॅलरीतल्या मुलासारखे वाटले, कोणीतरी पकडल्यासारखे.

"रोज येतोस?"

"हो सर. लाइन टाकून झाली की."

"कशासाठी?"

"भरती."

पोलीस भरतीची मैदानी चाचणी हा आपल्या पांढरपेशा घरांत फारसा बोलण्याचा विषय नाही, म्हणून थोडे सांगतो. मुलांसाठी पन्नास गुण: सोळाशे मीटर धावण्याला वीस, शंभर मीटरला पंधरा, गोळाफेकीला पंधरा. सोळाशे मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत पुरे केले तर वीसपैकी वीस; पुढे सेकंद चढतील तसे गुण उतरतात. मग लेखी परीक्षा आणि सगळ्यांची बेरीज. एकेका गुणावर कितीएक मुले अडलेली असतात. मुंबईतल्या मैदानांवर पहाटे जी मुले जीव तोडून धावताना दिसतात, त्यांतली पुष्कळशी मॅरेथॉनवाली नसतात. ती या पाच मिनिटे दहा सेकंदांच्या मागे असतात. बारामतीला २०१४ साली लता करे नावाच्या बाई नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांची शर्यत जिंकल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. आपण हळहळलो आणि टाळ्याही दिल्या. तसल्याच कारणासाठी धावणारा मुलगा माझ्या शेवटच्या बाकावर झोपत होता, तेव्हा मी त्याला झोपाळू म्हटले.

"मला सांगितलं का नाहीस?"

त्याने थोडा विचार केला. उर्मटपणा नव्हता त्यात. "सांगून हजेरी लागली असती का, सर?"

नसती लागली. विद्यापीठासाठी खेळणाऱ्यांना सवलत आहे, पोटासाठी धावणाऱ्यांना नाही. पुढे मी हा विषय आमच्या वरिष्ठांकडे काढलाही. "नियमात बसत नाही," असे उत्तर मिळाले, आणि ते खरेच बसत नव्हते.

त्या दिवसापासून तो माझा गुरू झाला. मी विनंती केली नव्हती. माझे धावणे त्याला बघवेना एवढेच. "सर, तुम्ही पाय लांब टाकता. लहान टाका. आणि धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त झाला." चाळीस मिनिटे सलग बोलण्याचा मला पगार मिळतो, पण त्या पहिल्या दिवशी माझ्याने दोन शब्द बोलवेनात. जानेवारीपर्यंत मी न थांबता कट्ट्याची एक फेरी करू लागलो. घरी पेढे आणले. सौ.ने मधुमेहाची आठवण करून दिली आणि ते शेजारी वाटले.

"सर, पार्क सपाट आहे," तो एकदा म्हणाला. "पायात ताकद चढावर येते."

लालबागच्या मुलाला चढ कुठून मिळणार? तो पूर्वी पहाटे चारला लालबागच्या उड्डाणपुलावर धावायला जाई. एका हवालदाराने त्याला हटकून परत पाठवले. पोलीस व्हायला निघालेल्या पोराला पोलिसानेच खाली उतरवले, हे तो हसत सांगे. त्याच्या आजोबांची गिरणी होती तिथे आता काचेचा मनोरा आहे. १९९१ च्या नियमावलीप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेकडे, एक घरांसाठी, एक मालकाकडे. २००१ मध्ये नियम बदलला; वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असे ठरले, आणि गिरणीत मुळात मोकळे असते तरी काय? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्या एका तृतीयांशात एखादे मैदान झाले असते. टेकडी झाली नसती म्हणा.

म्हणून रविवारी तो बोरिवलीला जाई. "चला एकदा," म्हणाला. मी "बघू" म्हणत म्हणत नऊ महिने काढले. २०२४ च्या सप्टेंबरात गेलो, तेही त्याने "सर, कारवी फुललीय, आता नाही आलात तर आठ वर्षं थांबा," असे सांगितले तेव्हा.

दादरहून पहाटेची गाडी धरली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात फिरायला आलेल्या मंडळींची ही गर्दी! मुंबईसारख्या शहराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरांच्या आसपास जंगल उभे आहे याचे नवल बाहेरच्यांना वाटते, आपल्याला वाटत नाही. ते उरले याचे एक कारण पाणी. १८६० साली विहार तलाव झाला, पुढे १८७९ साली तुळशी; शहराला नळाचे पाणी द्यायचे तर भोवतालचे डोंगर राखणे भाग होते. म्हणजे गिरगावात आमच्या पणजोबांनी नळाखाली तांब्या धरला, त्याची ही पुण्याई.

दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत सहाएक किलोमीटरची डांबरी वाट आहे. आरंभी ती सालस असते. दहिसर नदीच्या कडेने, बांबूच्या बेटांमधून जाते. मध्येच एखाद्या आदिवासी पाड्याचे घर, अंगणात कोंबड्या, दारात शाळेचा गणवेश वाळत घातलेला. पाऊस नुकता थांबला होता आणि पानापानांतून तो अजून पडतच होता. तांबट कुठेतरी ठोके देत होता. मी त्याच्या तालावर धावू लागलो, पण तो माझ्यापेक्षा जलद निघाला. मग चढ सुरू झाला. आणि चढाबरोबर कारवी. डोंगराच्या उतारावर जांभळट-निळी फुले, दाट, खांद्याएवढ्या झुडपांवर. सात वर्षे ही नुसती पाने धरून बसते, आठव्या वर्षी सगळी मिळून फुलते, बी टाकते आणि मरून जाते. इथे ती २००८ मध्ये फुलली होती, २०१६ मध्ये फुलली होती, आता २०२४. पुढची पाळी २०३२. मी पन्नाशी ओलांडलेला असेन. त्रेपन्न भरतीच्या वयातून बाहेर पडत असेल.

एका वळणावर उजवीकडे पायवाट गेलेली दिसली, लाल मातीची, दोन्ही बाजूंना कारवी. मला मोह झाला. "इकडून जाऊ या?"

"नाही सर." तो थांबला. "परवानगी लागते. आतल्या वाटांना, शिलोंडाला वगैरे, माहितगार बरोबर घेऊन जातात. आपलं कोणी नाही तिथं."

"कोणी म्हणजे?"

"बिबट्या आहे."

२०१५ सालच्या गणनेत या जंगलात आणि त्याच्या आसपास पस्तीस बिबटे मोजले होते, हे मला वाचून ठाऊक होते. वाचून ठाऊक असणे आणि पायवाटेच्या तोंडाशी उभे असणे यांत फरक आहे. मी डांबरी वाटेचा अभिमानी झालो. गंमत म्हणजे तीन सकाळी उड्डाणपुलावर नियम मोडणारा हा मुलगा इथे नियमाला इतका पक्का. मी तसे म्हटले. तो म्हणाला, "तिथं कोणाचं घर नव्हतं, सर."

शेवटचा चढ मी चालत गेलो. तो पुढे धावत वर जाई, पुन्हा खाली मला भेटायला येई, पुन्हा वर. असे पाचसहा वेळा. मला विहिरीवरची धाव आठवली. तो खाली येई तेव्हा मी काही तरी विचारी, आणि उत्तर देत देत तो वळे.

"गेल्या भरतीला किती वेळ लागला होता?"

"पाच एकोणीस."

वर गेला. आला.

"पाऊस होता ना त्या दिवशी?"

"सगळ्यांनाच होता." २०२४ सालच्या मैदानी चाचण्या ऐन पावसाळ्यात झाल्या होत्या, जूनपासून.

वर गेला. मी मनात तारखा जुळवू लागलो. त्याची चाचणी कोणत्या दिवशी होती ते त्याने मागे एकदा सांगितले होते. माझ्या विषयाची त्याची फेरपरीक्षा कोणत्या दिवशी झाली, ते मला ठाऊक होते. पर्यवेक्षक मीच होतो. तो आला.

"आदल्या दिवशी माझा पेपर होता."

"हो सर."

"रात्री अभ्यास केला असशील."

तो काही बोलला नाही. धावताना बोलता आले पाहिजे, हा त्याचाच नियम. तो वर गेला आणि या खेपेला लेण्यांच्या पायऱ्यांशी थांबला. मला तिथवर पोचायला दहा मिनिटे लागली. पाच दहा आणि पाच एकोणीस यांत नऊ सेकंद असतात. त्यांतले पावसाचे किती, फाटक्या बुटांचे किती आणि माझ्या त्या कोटीचे किती, याचा हिशेब मी त्या दहा मिनिटांत केला, आणि त्यानंतरही पुष्कळदा केला आहे. एकूण बेरजेत तो दोन गुणांनी राहिला होता.

लेणी उघडायला अवकाश होता. उघडली तेव्हा आम्हीच पहिले. कान्हेरीला शंभरावर लेणी एकाच डोंगरात आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्षू राहिले. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या भव्य उभ्या मूर्ती आहेत, चार पुरुष उंच. प्रवासी त्या बघून परततात. त्रेपन्नने मला त्या दाखवल्या नाहीत. त्याने पाण्याची टाकी दाखवली. जवळजवळ प्रत्येक लेण्याला आपले टाके आहे, आणि डोंगरावरून येणारे पाणी त्यात उतरावे म्हणून कातळात कोरलेल्या पन्हळी आहेत. आणि लेण्यालेण्यांमधून वर जाणाऱ्या दगडात खोदलेल्या पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या.

"या पायऱ्या मी रविवारी दहा वेळा चढतो," तो म्हणाला. "त्यांना तर रोजच चढावं लागत असेल."

आम्ही एका विहाराच्या ओट्यावर बसलो. हे ओटे भिक्षूंना निजण्यासाठी कोरलेले. त्याच्या पिशवीत आईने दिलेली चपातीभाजी होती, ती उघडतो न उघडतो तोच एका माकडाने डबाच उचलला आणि स्तूपामागे जाऊन सावकाश जेवले. मी त्याला माझ्या पिशवीतली बिस्किटे दिली, बिनसाखरेची. त्याने एक खाल्ले आणि दुसरे माकडाला देऊ का, असे विचारले.

मी त्याला म्हणालो, "तुझ्या आईला मी नीट बोललो नाही."

"ती विसरली, सर."

"तू?"

त्याने बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. "तुम्ही पेपर टाकायचे की पेपर लिहायचे म्हणालात ना, ते मी मित्रांना सांगितलं होतं. ते हसले. बरं होतं ते, सर." आणि मग, बऱ्याच वेळाने, "तेव्हा राग आला होता."

उतरताना मी धावलो. सहा किलोमीटर, न थांबता, आणि पहिल्या तीन किलोमीटरांत बोलताही येत होते.

आता तो तिसऱ्या वर्षाला आहे. पेपरची लाइन त्याने धाकट्या भावाला दिली, त्यामुळे माझ्या तासाला सात वीसला तो हजर असतो आणि डोळे उघडे असतात. व्याकरण आवडत नाही हे चेहऱ्यावर दिसते, पण ते पूर्वी कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते असे नाही. टाचेशी उसवलेले बूट गेले. नवे कोणी घेऊन दिले ते मी सांगणार नाही, कारण सौ.लाही एक जोडीच सांगितलेली आहे. पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. रविवारी बोरिवली, बाकीचे दिवस पार्क. कट्ट्याची एक फेरी आणि वर थोडे अंतर असे सोळाशे मीटर आम्ही टेपने मोजून घेतले आहे. शेवटी एक नारळाचे झाड आहे, त्याच्या बुंध्याला मी खडूने रेघ मारली आहे. पांढऱ्या.

परवा सकाळी मी त्या झाडाशी घड्याळ घेऊन उभा होतो. पेन्शनर मंडळी हल्ली आपल्या गप्पा आमच्यासाठी थांबवतात आणि त्यांतले एक गृहस्थ मिनिटे मोठ्याने मोजतात. त्यांना नको म्हणता येत नाही. तो आला, रेघ ओलांडली, गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

"किती?"

"पाच बारा."

"घड्याळ बरोबर आहे ना, सर?"

मी घड्याळ कानाला लावून पाहिले. हे घड्याळ टिकटिक करणारे नव्हे, हे मला ठाऊक होते, पण हात गेला खरा. "बरोबर आहे," मी म्हणालो.

तो सरळ झाला, घाम पुसला आणि चालत चालत पुन्हा सुरुवातीच्या जागेकडे निघाला. कट्ट्यावरच्या गृहस्थांनी चष्मा पुसला. मी काटे शून्यावर आणले.